जड बूट आणि गिअर लिव्हर : माप, सेटिंग आणि पायाची सवय

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. साइटवर, एमआयडीसीत, गोदीत काम करणारे अनेक जण सेफ्टी शूज घालूनच मोटरसायकलला किक मारतात. पावसाळ्यात बाकीच्यांच्या पायातही गमबूट नाहीतर जाड रायडिंग बूट येतात. सगळ्यांची तक्रार जवळपास एकच असते. पहिला नीट पडतो, पण दुसऱ्यासाठी बूट लिव्हरखाली शिरत नाही. कसाबसा घुसवून उचलला तर गिअर न्यूट्रलला अडकतो. मग कुणी गिअरबॉक्सला दोष देतो, कुणी बुटाला. खरं तर लिव्हर पातळ बुटाला जमेल अशा उंचीवर बसवलेली असते आणि ती बदलता येते, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

या धाग्यात नेमकं लिहूया : किती माप, कुठला पाना, कुठे चुकतं. सुरुवात मापापासून करतो.

बूट जमिनीवर ठेवा. टोकापासून साधारण चार सेंटीमीटर मागे, म्हणजे जिथे लिव्हरचं रबर टेकतं तिथे, जमिनीपासून बुटाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा. साध्या स्पोर्ट्स शूजची ती पाच सेंटीमीटरच्या आसपास भरते. बोटांवर लोखंडी टोपी असलेल्या, जाड सोलच्या बुटाची सहा ते सात. हा एक-दोन सेंटीमीटरचा फरकच सगळं दुखणं आहे.

आता गाडी मेन स्टँडवर घ्या, बूट घालून नेहमीसारखे बसा, तळव्याचा मधला भाग फूटरेस्टवर ठेवा. घोटा मोकळा सोडा, चवडा मुद्दाम वर किंवा खाली नको. अशा स्थितीत बूट लिव्हरखाली सरकला पाहिजे आणि वर एक बोट मावेल एवढी जागा उरली पाहिजे. त्याहून कमी असेल तर लिव्हर वर घ्यायची. दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर लिव्हर आधीच उंच आहे. मग खालचा गिअर टाकताना अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलावा लागेल, आणि सिग्नलला गाडी थांबवताना ते फार त्रासाचं होतं.

दुसरं माप आडवं, आणि ते कुणी घेत नाही. फूटरेस्टपासून लिव्हरच्या टोकापर्यंतचं अंतर. सेफ्टी शूजमध्ये टोपीची मागची कड टोकापासून चार-पाच सेंटीमीटरवर संपते. लिव्हर त्या कडेच्या मागे, मऊ चामड्यावर येत असेल तर प्रत्येक वरच्या गिअरला बोटांच्या सांध्यावर दाब येतो आणि बूट बाहेर काढताना कड लिव्हरला अडकते. लिव्हर पूर्णपणे टोपीवर टेकली पाहिजे. आयएस 15298 या भारतीय मानकाच्या भाग 2 प्रमाणे सेफ्टी बुटाच्या टोपीला 200 जूलचा आघात सोसायचा असतो, त्यामुळे लिव्हरच्या दाबाने टोपीला काही होत नाही. चामड्याला आणि बोटांना होतं.

दहा_नंबरी_पाना

चांगला धागा. सेटिंगचं मी लिहितो.

लिव्हर दोन प्रकारे बसवलेली असते. एक, इंजिनातून बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर थेट. दोन, लिव्हर फूटरेस्टजवळ वेगळ्या पिनवर फिरते आणि एक बारीक लिंक रॉड तिला शाफ्टवरच्या छोट्या हाताशी जोडतो. आधी खाली वाकून बघा आपली कुठली आहे.

थेट बसवलेली असेल तर एकच बोल्ट असतो, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. रिंग किंवा बॉक्स पाना वापरा, फिक्स म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याने डोकं गोल होतं. बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता सैल करून लिव्हर ओढू नका, कारण बऱ्याच शाफ्टना खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा गेलेला असतो. तो आत असेपर्यंत लिव्हर निघणारच नाही. काढण्याआधी लिव्हरच्या चिरेसमोर (बोल्ट आवळल्यावर मिटते ती फट) शाफ्टवर पेंटचा ठिपका द्या, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. लिव्हर जाम असेल तर रॉकेल सोडून थोडा वेळ थांबा, मग चपटा स्क्रूड्रायव्हर चिरेत हलका घालून ती किंचित फाकवा. हातोडी अजिबात नको. ठोक्याचा मार शाफ्टवर जातो आणि शाफ्टच्या ऑइल सीलमधून गळती सुरू होते.

दाते वायरब्रशने साफ करा आणि लिव्हर एकच दाता वर घेऊन बसवा. एका दात्याने टोक साधारण दीड-दोन सेंटीमीटर उचललं जातं, म्हणजे वर ऐरोलीकरांनी सांगितलेला फरक जवळपास तेवढ्यातच भरून निघतो. दोन दाते वर घेतलेल्या गाड्या दिसतात, त्यांचा खालचा गिअर टाकताना हाल होतात.

बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा असतो, दहा न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट पुरेसा. टॉर्क पाना नसेल तर आखूड पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. घट्ट करताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या आणि तरी लिव्हर हलते आहे, तर लिव्हरचे दाते झिजले. नवीन लिव्हर घ्या, ती स्वस्त असते. तशीच ढिली चालवली तर शाफ्टचे दाते जातात आणि मग काम क्लच कव्हर उघडण्यापर्यंत पोचतं.

लिंक रॉडवाल्यांना जास्त बारीक सेटिंग मिळतं. रॉडच्या दोन्ही टोकांना चेकनट, म्हणजे सेटिंग जागेवर पक्कं धरणारे नट, असतात आणि त्यातल्या एका बाजूचे आटे उलटे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावण्याआधी तो उलट्या आट्यांचा आहे का बघा, नाहीतर सोडवायच्या नादात आवळत बसाल. दोन्ही चेकनट सैल केले की रॉड मधे पकडून फिरवायचा. सहा मिलिमीटरच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एक मिलिमीटर असतो. दोन्ही टोकं एकाच वेळी आत किंवा बाहेर जातात, म्हणून एका पूर्ण फेऱ्याला लांबी दोन मिलिमीटरने बदलते.

हे दोन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण लिव्हरच्या टोकाशी ते वाढतात. लिव्हरच्या फिरण्याच्या पिनपासून रॉडच्या जोडापर्यंत 35 मिलिमीटर आणि त्याच पिनपासून टोकापर्यंत 125 मिलिमीटर असेल, तर साडेतीन पट. म्हणजे एका फेऱ्याला टोक सात मिलिमीटर वर. म्हणून अर्धा-अर्धा फेरा द्या आणि दर वेळी बूट घालून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही टोकांना निदान सहा मिलिमीटर आटे आत राहिले पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात बूट आपटला की रॉड निसटतो. आणि रॉड व दोन्ही हात यांच्यात साधारण काटकोन राहू द्या. रॉड फार लांबवला की कोन बिघडतो आणि एका दिशेचा गिअर हलका, दुसऱ्या दिशेचा जड लागतो. तेवढी उंची हवीच असेल तर आधी शाफ्टवरचा हात एक दाता फिरवा, उरलेलं रॉडने जुळवा.

शेवटी चेकनट आवळताना रॉडच्या टोकांचे दोन्ही बॉल जॉइंट (फिरते जोड) एकाच पातळीत धरा. आवळल्यावर रॉड बोटांनी स्वतःभोवती थोडासा डोलला पाहिजे. अजिबात डोलत नसेल तर जॉइंट तिरके बसलेत, लिव्हरच्या खेळाच्या टोकाला अडतील.

मालाड_ईस्ट

सेटिंग झाल्यावर सगळे गिअर तपासायचे कसे? उभ्या गाडीला तर तिसऱ्यापुढे जातच नाहीत.

दहा_नंबरी_पाना

बरोबर, जाणार नाहीत. आतले दाते समोरासमोर यायला चाक फिरावं लागतं. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, एक जण मागचं चाक हळू हाताने फिरवत राहील, दुसरा गिअर टाकेल. चाक फिरवणाऱ्याने टायर धरायचा, चेन-स्प्रॉकेटजवळ बोटं न्यायची नाहीत. वर आणि खाली सगळे गिअर पडले पाहिजेत. खाली पूर्ण दाबल्यावर लिव्हर इंजिनच्या कव्हरला किंवा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला टेकता कामा नये. टेकत असेल तर गिअरला पूर्ण खेळ मिळत नाही आणि तो अर्धवट बसून दणका देत सुटतो.

तळपाय

सेटिंगबद्दल वाद नाही, पण पायाची हालचाल बदलली नाही तर सेटिंग करूनही तेच होईल.

पातळ बुटात आपण घोट्यातून गिअर टाकतो. जाड बुटात घोटा तेवढा वाकतच नाही, उंच रायडिंग बुटात तर मुळीच नाही. तिथे हालचाल गुडघ्यातून यायला हवी. वरच्या गिअरला चवडा किंचित बाहेर वळवून लिव्हरखाली घाला आणि गुडघ्यापासून पाय सरळ वर घ्या. टाच फूटरेस्टवरून थोडी सुटली तरी चालेल. खालच्या गिअरला टाच फूटरेस्टवर टेकवून चवड्याने दाबू नका, अख्खं पाऊल वर आणून खाली दाबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गिअर पडल्यावर बूट लिव्हरपासून पूर्ण सोडा. गिअर बदलणारी यंत्रणा रॅचेटवर चालते, म्हणजे एका वेळी एकच टप्पा पुढे सरकते. लिव्हर प्रत्येक वेळी मधल्या जागी परत आली तरच पुढचा गिअर पकडला जातो. जाड सोलमधून लिव्हर लागतेय हे पायाला कळत नाही, बूट तिच्यावर नाहीतर तिच्याखाली टेकलेलाच राहतो. परिणाम असा की दुसरा टाकलात, तिसऱ्यासाठी उचललंत आणि काहीच झालं नाही. लोक म्हणतात गिअर अडकला. अडकलेला नसतो, लिव्हर परत आलेलीच नसते. रोज असा भार राहिला तर आतले शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारे काटे) झिजतात आणि काही काळाने गाडी धावताना गिअर आपोआप सुटायला लागतो.

याच्या उलट घाईसुद्धा वाईट. मुंबईत साकीनाक्याला किंवा एलबीएस रोडवर, म्हणजे गर्दीत, पहिला-दुसरा-पहिला सतत चालू असतं आणि पाय अर्धवट उचलला जातो. अर्धवट उचललेला म्हणजे न्यूट्रल. क्लच दाबा, लिव्हर थांबेपर्यंत उचला, क्लच सुटेपर्यंत तशीच धरा, मग सोडा.

न्यूट्रलही जाड बुटात पकडणं कठीण, कारण तिथे अर्धाच खेळ हवा असतो. गाडी पूर्ण थांबायच्या आधी, चाक हळू फिरत असतानाच दुसऱ्यातून खाली हलकासा टोला द्या. थांबल्यावर शोधत बसलात तर पहिला आणि दुसरा एवढेच सापडतात.

क्लासिक_करी_रोड

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 च्या गिअर लिव्हरला पुढे-मागे दोन्हीकडे पट्टी आहे. सेफ्टी शूजची टाच मागच्या पट्टीवर टेकून राहते. मागचा भाग कापून टाकावा का?

दहा_नंबरी_पाना

कापू नका. आधी एक दाता फिरवून बघा. पुढचं टोक वर गेलं की मागची पट्टी आपोआप खाली जाते, दोन्हीकडे जागा मिळते. मग मागची पट्टी पूर्ण दाबून ती स्टँडला किंवा फूटरेस्टला लागत नाही ना तपासा. तरीही टाच टेकत असेल तर त्याच दात्यांची फक्त पुढची, एकेरी लिव्हर घ्या आणि मूळ लिव्हर जपून ठेवा. कापलेली परत जोडता येत नाही, आणि कापलेली कड बुटाला व पोटरीला लागते.

तळपाय

माझं मत थोडं वेगळं. सेफ्टी शूज रोजचे असतील तर मागची पट्टी वरदान आहे. वरचा गिअर टाचेने दाबा, चवडा लिव्हरखाली घालायचा प्रश्नच मिटला. बुटाच्या वरच्या चामड्यावर काळा डागही पडत नाही. फक्त दाबून झाल्यावर टाच पुढे घ्यायची सवय लावा.

घाटमाथा_7

शहरात ते ठीक. जुन्या हायवेने खंडाळ्यात चढताना किंवा माळशेजला, जिथे वळणावर वळण आहे, तिथे टाचेने गिअर टाकायला अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलून मागे न्यावा लागतो. त्या क्षणी डावीकडे शरीराला आधार नसतो आणि रस्ता खड्ड्यांचा असतो. घाटात एकेरी लिव्हरच बरी. शिवाय उभं राहून चालवणाऱ्यांनी मापही उभं राहूनच घ्यावं, कारण उभं राहिल्यावर चवड्याचा कोन बदलतो आणि बसून नीट असलेली लिव्हर तशी नीट वाटत नाही. दोन्ही करत असाल तर दोन मापांच्या मधे ठेवा.

पुढे दाबत सगळे गिअर पडतात अशा शंभर सीसीच्या गाड्यांना ही उंचीची भानगड नाही, तिथे वरचा गिअर चवड्याने आणि खालचा टाचेनेच दाबायचा. तिथे सोलची जाडी नडते, पाय पट्टीवर टेकून राहतो. उपाय तोच, दाबा आणि सोडा.

भर_पावसात

मुंबईच्या हवेचा मुद्दा राहिला. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे लिंक रॉडचे बॉल जॉइंट आणि लिव्हरची पिन गंजून जड होतात. पातळ बुटात लिव्हर हळू परत येतेय हे पायाला समजतं, जड बुटात समजत नाही. हाताने तपासा : इंजिन बंद, लिव्हर बोटाने थोडी उचलून सोडा. टपकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळत असेल तर पिन काढून रॉकेलने धुवा, पुसा, लिथियम ग्रीस भरा. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे, तो मारून सोडून दिलं तर आठवड्यात पुन्हा सुकं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ग्रीस पुरेसं. जॉइंटवरची रबरी टोपी फाटली असेल तर ती बदला, तिथूनच पाणी जातं.

गमबुटाबद्दल : बहुतेक गमबूट एक माप मोठे घेतलेले असतात, म्हणून टोक लांब पडतं आणि पाय आत सरकतो. बूट उचलला जातो पण आधी आतला पाय वर जातो, मग बूट, तेवढ्यात क्लच सुटलेला असतो. जाड मोजे घालून फट भरा किंवा मापाचाच घ्या. सोलच्या खाचांत चिखल भरला असेल तर निघण्याआधी फूटरेस्टवर घासून काढा. लिव्हरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर नवीन घाला, ओल्या रबरी बुटावरून ते सटकतं.

ठक्कर_बाप्पा_जवळ

बूट घेणाऱ्यांसाठी. दुकानात बूट घालून खाली बसा, चवडा वर-खाली करून बघा. घोट्यापाशी चामडं दुमडतं की नाही, हे गाडीवर बसण्याआधीच कळतं. टोपी बोटांवर टेकू नये, आत बोटं हलली पाहिजेत. सोल फार जाड आणि टाचेपुढे खोल पायरी असेल तर फूटरेस्ट त्या पायरीत बसतो, पाय पुढे-मागे सरकत नाही आणि लिव्हरपर्यंतचं अंतर पक्कं होऊन जातं. ते अंतर जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर रोजची कटकट. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला सेफ्टी शूजची दुकानं आहेत. डाव्या बुटावर लिव्हरखाली चामडं लवकर झिजतं, तिथे वरून चामड्याचा तुकडा शिवून घ्या. ठक्कर बाप्पा कॉलनीतले कारागीर हे काम सफाईने करतात. तुकडा पातळ सांगा, दोन मिलिमीटरपर्यंत. जाड घातला तर जेवढी उंची मिळवली तेवढी गेली.

ऐरोलीकर

छान माहिती जमतेय. उजवा पाय राहिला. जाड सोलमुळे तोही वर येतो आणि मागच्या ब्रेकवर टेकून राहतो. ब्रेक लाइट सतत पेटलेली दिसते, मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळतच नाही.

ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा स्टॉपर बोल्ट फिरवून पेडल खाली घ्या आणि मागच्या नटने दोन ते तीन सेंटीमीटर मोकळा खेळ ठेवा. डिस्क असेल तर मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडवर (पेडलचा दाब पिस्टनला पोचवणाऱ्या दांड्यावर) सेटिंग असतं आणि तिथे जपून. पेडल सोडल्यावर पुशरॉडला थोडा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे. तो संपला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायची वाट बंद होते आणि ब्रेक गरम होत होत चाक जाम करतो. सेटिंगनंतर दोन-तीन किलोमीटर मागचा ब्रेक न लावता चालवा, डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. चुरचुरले तर ब्रेक घासतोय, लगेच मूळ जागेवर आणा. हे काम जमत नसेल तर मेकॅनिककडेच द्या. ब्रेक लाइटचा स्विच शेवटी जुळवा. स्विचचा नट फिरवायचा, स्विच स्वतः नाही, नाहीतर आतली वायर पिळून तुटते.

मालाड_ईस्ट

लिव्हर एक दाता वर घेतली, बूट मोकळा जातो. पण पहिला टाकताना अजून "खट्ट" असा मोठा आवाज येतो. बुटामुळेच का?

दहा_नंबरी_पाना

नाही, तो क्लचचा प्रश्न दिसतो. चप्पल घालूनही येतो का बघा. येत असेल तर क्लच केबलचा मोकळा खेळ तपासा, हाताच्या क्लच लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आयडल आरपीएम (थांबलेल्या गाडीच्या इंजिनचा वेग) चढलेला असेल तरी दणका बसतो. चेन ढिली असेल तर प्रत्येक गिअरला झटका, गाडीच्या पुस्तकात दिलेलाच ढिलेपणा ठेवा. आणि ऑइल : ओल्या क्लचच्या, म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेल्या गाडीला डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 (अशा क्लचसाठीचं मानक) लिहिलेलंच, गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं. हे चारही ठीक असतील तर पहिल्याला थोडा आवाज असतोच.

भर_पावसात

एक धोका कुणी लिहिला नाही, नाडी. जाड बुटाची नाडी लांब असते आणि फासा डाव्या लिव्हरच्या टोकात अडकतो. चालताना कळत नाही, सिग्नलला पाय खाली टाकायला जाल तेव्हा पाय येत नाही आणि गाडी डावीकडे आडवी होते. फासा बुटाच्या बाहेरच्या बाजूला घ्या, दुहेरी गाठ मारा, उरलेली टोकं बुटाच्या गळ्यात आत खोचा. बुटावर चढवायच्या प्लास्टिकच्या पावसाळी कव्हरांचं तसंच. लिव्हरखाली ती पहिल्या आठवड्यात फाटतात आणि फाटलेली पट्टी लिव्हरवर गुंडाळली जाते. घालायचीच तर डाव्या पायाच्या कव्हरवर चवड्यापाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा चढवा. कव्हर सरकत नाही आणि लिव्हरही ओल्यात सटकत नाही.